घरातले कोळी, जळमटं आणि घरगुती फवारे: काय चालतं, काय नुसतंच घमघमतं

पाटपाणी (धागाकर्ती)

वळवाचे दोन शिंतोडे पडले की ट्यूबलाइटभोवती किडे जमतात आणि किड्यांच्या मागोमाग कोळी. मग दर वर्षी तोच प्रश्न येतो: केमिकल नको, घरगुती काय फवारू? उत्तरं वेगवेगळ्या धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून इथे एकत्र करू. माहीत असेल त्यांनी मापासकट लिहा. 'थोडंसं घ्या, मारा' असलं नको.

फवाऱ्याने येणारा कोळी थोडा अडतो, बसलेला कोळी सहसा हलत नाही. कोळ्याला आपल्या ओट्यावरच्या खरकट्यात रस नसतो, तो डास, चिलटं, झुरळाची पिल्लं यांच्यासाठी येतो. त्यामुळे आधी जाळी काढणं, मग दिवा आणि फटी, आणि सगळ्यात शेवटी फवारा, असा क्रम ठेवा. उलट्या क्रमाने केलं की दोन दिवस घर पेपरमिंटच्या गोळीसारखं घमघमतं आणि तिसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात जाळं.

आता फवारा. अर्ध्या लिटरची बाटली धरून माप:

पुदिन्याचं तेल (पेपरमिंट किंवा मेंथा) ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा
भांडी घासायचं लिक्विड अर्धा चमचा
पाणी ५०० मिलीला थोडं कमी

कोरड्या बाटलीत आधी तेल आणि लिक्विड एकत्र करून हलवायचं. मग पाणी दोन-तीन टप्प्यांत घालायचं, दर वेळी बाटली हलवत. पाणी दुधी दिसलं की जमलं. वर तेलाचे गोल तरंगत असतील तर लिक्विड कमी पडलं किंवा पाणी एकदम ओतलं गेलं. पाण्यात थेट तेलाचे थेंब टाकणाऱ्यांचं इथेच चुकतं: पहिले दहा फवारे नुसत्या पाण्याचे आणि शेवटचे दोन निव्वळ तेलाचे, भिंतीवर तेलकट ठिपके पाडणारे. नीट जमलेलं मिश्रणसुद्धा ठेवल्यावर वेगळं होतं, तेव्हा फवारण्याआधी दर वेळी हलवा.

नेटवरच्या 'पंधरा-वीस थेंब' या मापात तेल एक मिलीच्या आसपास पडतं. अर्ध्या लिटरला ते फार पातळ.

मारायचं कुठे: खिडकीच्या चौकटीची बाहेरची कड, सरकत्या खिडकीचा ट्रॅक, सिंकखालच्या कपाटात पाइप भिंतीत शिरतो ती जागा, माळ्याच्या तोंडाची कड, न्हाणीघराचा झरोका. मोकळ्या भिंतीवर आणि हवेत मारलेलं वाया. स्विचबोर्ड, पेटलेला गॅस आणि देव्हाऱ्यातली समई यांच्या जवळपास अजिबात नको.

---

चिंचबन

हवेत मारलेलं वाया का? वास तर घरभर जातो.

---

आठपायी

कारण कोळ्याला आपल्यासारखं नाक नाही आणि किड्यांसारख्या मिशाही नाहीत. वास आणि चव त्याला कळते ती मुख्यतः पायांवरच्या आणि तोंडाजवळच्या दोन छोट्या सोंडांवरच्या केसांतून. तो चालतो त्या पृष्ठभागावर तेल असेल तर त्याला ते नक्की कळतं. खोलीभर पसरलेला वास आपल्या डोक्यात जातो, त्याला मात्र पायाखाली कोरडी जागा मिळाली की पुरते.

म्हणूनच फवारा 'पट्टी' म्हणून मारायचा. चौकटीला सलग दोन बोटं रुंदीची ओली पट्टी, मध्ये तुटक नको. मधे कोरडं राहिलं की कोळी तिथूनच जाणार.

पण सगळे कोळी सारखे नसतात, तेव्हा घरात कोणता आहे ते आधी बघा.

छताच्या कोपऱ्यात उलटा लटकणारा, काडीसारखे लांब पाय, हात लावला की अंग गदगदा हलवणारा, हा पुण्यातल्या फ्लॅटमधला सगळ्यात नेहमीचा. फोल्सिडी कुळातला. त्यातला एक, क्रॉसोप्रायझा लायोनी, पोटाच्या मागच्या टोकाला वर उचललेला उंचवटा असल्यामुळे पटकन ओळखू येतो. जाळ्याखाली भिंतीवर आणि फरशीवर पांढरे-करडे बारीक ठिपके दिसतात ती त्याची शी. मादी अंड्यांचा गोळा तोंडात धरून बसते. याच्यावर फवाऱ्याचा परिणाम सगळ्यात कमी, कारण तो भिंतीला जवळजवळ टेकतच नाही, जाळ्यातच राहतो. पेस्ट कंट्रोलवाले भिंतीवर मारून जातात तरी हा तसाच राहतो, तेही यामुळेच. याला उपाय झाडू.

दुसरा मोठा चपटा, तपकिरी, पाय धरून तळहाताएवढा, रात्री न्हाणीघराच्या भिंतीवर दिसतो आणि घरातल्यांची किंकाळी निघते. इंग्रजीतला हंट्समन. जाळं विणत नाही, झुरळं पकडतो. त्याला फवारा मारलात तर तो सुसाट पळतो आणि फ्रिजमागे जातो. वर मोठं भांडं पालथं घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा, बाहेर सोडा. पोटाखाली पांढरी चकती धरलेली दिसली तर ती अंडी आहेत, मग घाई करा पण चिरडू नका, पिल्लं फार असतात.

तिसरा, दिवसा उजेडात टुणटुण उड्या मारणारा छोटा, आपल्याकडे मान वळवून बघणारा. याचं जाळं लटकत नाही. राहू द्या, डास खातो.

चौथा दिसत नाही, त्याची खूण दिसते: भिंतीवर रुपयाच्या नाण्याएवढी, पातळ, चांदणीसारखी पांढरी चकती. खाली दोन-तीन मिलिमीटरचा कोळी, मुंग्या खाणारा. ओल्या फडक्याने पुसलं की गेला.

---

खडूस पेठकर

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. दर रविवारी कुंचा फिरवा, बास. तेलं कसली विकत आणताय.

---

पाटपाणी

कुंचा पहिला हे मीही वर म्हटलंच आहे. पण कुंचा फिरवायचा कसा तेही लिहा की, अर्ध्या लोकांच्या भिंतीवर काळे फराटे त्यामुळेच पडतात.

---

खडूस पेठकर

घ्या. जळमटं काढायचा गोल डोक्याचा नायलॉनचा झाडू, दांडा लांबवता येणारा. झाडू कोरडा पाहिजे. जळमटात धूळ आणि स्वयंपाकघरात असेल तर तेलाची वाफ बसलेली असते, ओला झाडू लावला की ती डिस्टेंपरवर काळी पसरते आणि रंग दिल्याशिवाय जात नाही. ओढायचं नाही, दांडा हातात फिरवत जाळं झाडूला गुंडाळून घ्यायचं. फराटा ओढण्याने पडतो.

वरून खाली यायचं, आधी गाद्या आणि ओटा झाका. डोक्याला रुमाल, डोळ्यांना चष्मा. झाडू गॅलरीत झटकला की कोळी वाऱ्याबरोबर घरात परत, म्हणून पिशवीत घालून झटकायचा. मग साबणाच्या पाण्यात बुचकळून उन्हात वाळवायचा, नाहीतर अडकलेली अंडी पुढच्या खोलीत पोचवाल. व्हॅक्यूम असेल तर फटीत घालायचं बारीक तोंड लावा, अंड्यांच्या पिशव्यांना तोच बरा. झाल्यावर त्याची पिशवी लगेच बाहेर रिकामी करा.

आठवड्यातून एकदा. रोज करायची गरज नाही आणि महिन्याने करून उपयोग नाही, तोवर अंडी फुटतात.

---

चिंचबन

दंडवत! आता व्हिनेगरचं सांगा कोणीतरी. निम्मं पाणी निम्मं व्हिनेगर सगळीकडे वाचलंय.

---

फरशीवाला

थांबा, आधी फरशी कोणती ते सांगा.

शहाबादी, कडप्पा, कोटा आणि संगमरवर हे सगळे चुन्याच्या जातीचे दगड. व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असतं, ते दगड खातं. कडप्प्याच्या ओट्यावर व्हिनेगरचा थेंब पाच मिनिटं राहिला तरी पांढरट, खरखरीत डाग राहतो. तो डाग पुसून जाणार नाही, कारण तिथलं पॉलिशच गेलेलं असतं. जुन्या इमारतींतल्या मोझॅक टाइल्समध्ये संगमरवराच्या चिपा आणि सिमेंट असतं, तिथेही तेच. पेठेतल्या वाड्यांच्या चुना मारलेल्या भिंतींवरही नको. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइडला चालतं, पण टाइल्सच्या जोडातलं सिमेंट वारंवार मारण्याने पोखरतं.

शंका असेल तर सिलिंडरमागच्या कोपऱ्यात एक थेंब टाका आणि कान जवळ न्या. बारीक फसफस झाली तर बाटली परत कपाटात.

लिंबाचा रस म्हणजेही हेच आम्ल-प्रकरण, वर चिकटपणा आणि मुंग्या.

---

आठपायी

शिवाय व्हिनेगर थेट अंगावर पडलं तरच कोळी मरतो. वाळलं की मागे काही उरत नाही.

लिंबाचं म्हणाल तर २०१८ साली जर्नल ऑफ इकॉनॉमिक एंटॉमॉलॉजीत एक प्रयोग छापून आला होता. तीन जातींच्या कोळ्यांवर लिंबाचं तेल, पुदिन्याचं तेल आणि चेस्टनटची फळं करून बघितली. लिंबाच्या तेलाचा काहीही परिणाम नाही. पुदिना आणि चेस्टनट दोन जातींनी ठळकपणे टाळले, तिसरीने पुदिन्याला दाद दिली नाही. आपल्या छतावरचा लंबूपाय्या त्या तिघांत नव्हता. तेव्हा पुदिना 'काही कोळ्यांना नकोसा वाटतो' इथपर्यंतच ठाम म्हणता येतं. लिंबाच्या साली खिडकीत वाळवत ठेवणाऱ्यांनी त्या खुशाल कंपोस्टला टाकाव्यात. आणि चेस्टनटऐवजी शिंगाडे ठेवायचा सल्ला फिरतोय, तो पाण्यातला वेगळाच प्रकार, ते उपासाला ठेवा.

---

रसायनी

तेल घेताना काय बघायचं ते लिहितो, कारण इथे फसवणूक बरीच आहे.

मिठाईत घालायचं 'पेपरमिंट इसेन्स' घेऊ नका. त्यात तेल थोडं आणि द्रावक जास्त, फवारल्यावर कडा चिकट होतात आणि त्यावर धूळ बसते. बाटलीवर शंभर टक्के तेल असं लिहिलेलं आणि गडद काचेत मिळणारं घ्या. प्लास्टिकच्या पारदर्शक बाटलीत उन्हात ठेवलेलं तेल जुनाट वास मारतं.

मेंथा तेल हे जपानी पुदिन्याचं, मुख्यतः उत्तर प्रदेशातून येतं, पेपरमिंटपेक्षा स्वस्त. त्यात मेंथॉल पेपरमिंटपेक्षा बरंच जास्त, सत्तर टक्क्यांच्या वर. त्यामुळे डिसेंबरातल्या सकाळी बाटलीच्या तळाला सुयांसारखे खडे दिसतात. तेल खराब झालेलं नसतं, बाटली कोमट पाण्यात धरली की विरघळतात. मात्र तसंच वापरलं तर नोझल तुंबतं. मेंथॉल काढून घेतलेलं तेलही बाजारात असतं, 'डीएमओ' म्हणून. ते आणखी स्वस्त, पण आपल्याला हवा तोच भाग त्यात कमी.

फवाऱ्याची बाटली: बोहरी आळीत मिळणाऱ्या साध्या, जाड प्लास्टिकच्या चालतात. कडकडीत पारदर्शक, काचेसारख्या दिसणाऱ्या ठिसूळ प्लास्टिकला तेलाने बारीक चिरा जातात. थर्माकोलवर तेल पडलं तर तो विरघळतो, गणपतीची मखरं माळ्यावर ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

एका वेळी आठवड्याला पुरेल एवढंच करा.

---

बाल्कनीबाग

भांड्याचं लिक्विड नको असेल तर रिठा. आठ-दहा रिठे, बिया काढून, अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी दहा मिनिटं उकळा, निवलं की सुती फडक्यातून दोनदा गाळा. वरच्या मापातल्या पाण्यापैकी १०० मिली रिठ्याचं घ्या.

अडचणी तीन. एक, ते तपकिरी असतं, पांढऱ्या भिंतीवर डाग पडतो, म्हणून फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला. दोन, बाहेर दोन दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये आठवडाभर. तीन, डोळ्यांत गेलं तर भयंकर झोंबतं, छताकडे तोंड करून मारू नका.

---

रसायनी

यात एक भर. अंगाच्या साबणाची वडी किसून घालणाऱ्यांना बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात पांढरा साका मिळतो आणि फवारा तुंबतो. धायरी, उंड्री, बावधनकडे टँकर चालू असेल तेव्हा लिक्विड किंवा रिठाच घ्या, नाहीतर फिल्टरचं पाणी. नळाच्या खडकवासल्याच्या पाण्याला त्या मानाने हा त्रास कमी.

---

मनीमाऊची आई

घरात मांजर आहे. पुदिन्याचं तेल मारलं तर चालेल ना? नैसर्गिकच आहे.

---

रसायनी

नको, ताई. नैसर्गिक आहे म्हणून मांजराला सोसतं असं नाही. पुदिना, निलगिरी, टी ट्री, लवंग, संत्रा-लिंबाची तेलं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, आणि मांजर पायाला लागलेलं चाटून साफ करतं, म्हणजे सगळं पोटात. लाळ गळणं, लडखडणं, उलट्या दिसल्या तर घरगुती काही करू नका, थेट पशुवैद्याकडे. पिंजऱ्यातले पक्षी आणि माशांची टाकी असलेल्या खोलीतही ही तेलं नकोत. टाकीवर फडकं टाकलं तरी हवेचा पंप वास आत ओढतो.

दोन वर्षांखालच्या बाळाच्या खोलीतही मेंथॉल, निलगिरी, कापूर यांचा तीव्र वास नको, श्वासाला त्रास होऊ शकतो.

तुमच्याकडे फक्त झाडू आणि फटी बुजवणं. तेवढं पुरतं.

---

चिंचबन

कापूर आलाच आहे तर: पाण्यात भीमसेनी कापूर टाकून फवारायचा उपाय आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय.

---

रसायनी

कापूर पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, लिटरला जेमतेम एक ग्रॅम. वड्या वर तरंगतात आणि तुम्ही पाणी फवारता. स्पिरिटमध्ये विरघळतो, पण ते मिश्रण भपकन पेट घेतं, स्वयंपाकघरात नकोच. लाखेचं पॉलिश केलेल्या लाकडावर स्पिरिट पडलं तर पॉलिश उठून पांढरा डाग.

खोबरेल तेलात विरघळवून कपाटाच्या कडांना लावतात, त्यावर धूळ चिकटते आणि मुंग्या येतात. मुंग्या आल्या की मुंग्या खाणारे कोळी आलेच.

बंद जागेत मात्र कापराला अर्थ आहे. पाच ग्रॅम कापूर, दहा-बारा लवंगा आणि चमचाभर वेखंड पावडर अशी सुती पुरचुंडी ट्रंकेत किंवा पुस्तकांच्या बंद कपाटात. कापूर उडून गेला की, म्हणजे पुरचुंडी हलकी लागली की, बदला. उघड्या हॉलमध्ये ठेवून काही होत नाही. लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा, कापूर पोटात गेला तर झटके येतात. आणि डांबराच्या गोळ्या हा कापूर नव्हे, बाळंतिणीच्या खोलीत किंवा बाळाच्या दुपट्यांत त्या चुकूनही नकोत. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.

---

गावरान उपाय

तंबाखू रात्रभर भिजवून पाणी मारा, एकही कोळी राहत नाही. शेतात आम्ही

*[प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित]*

---

आठपायी

कृपया घरात करू नका. तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. गाळताना हात ओले झाले तरी मळमळ, चक्कर, घाम. भिंतीवर वाळलेलं रांगत्या बाळाच्या तोंडात जाईल.

---

सुतारकी

फटींचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून.

सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीत कोळी तीन ठिकाणांहून येतो. पहिलं, दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथली केसाळ पट्टी. पाच-सहा वर्षांत तिचे केस झिजून चपटे होतात. जुनी पट्टी खाचेतून ओढून काढा, बोटभर तुकडा घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा, रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळवा. उंची जास्त झाली तर पल्ला सरकत नाही. दुसरं, खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं. ही बुजवू नका! सिलिकॉनने बंद केली की जुलैत ट्रॅक भरतो आणि पाणी घरात. आतल्या बाजूने स्टीलच्या बारीक जाळीचा तुकडा लावा, आणि पावसाळ्यात मधून मधून जुन्या टूथब्रशने घासा, माती साठते. तिसरं, चौकट आणि भिंत यांच्यातली भेग. तिथे पांढरं सिमेंट तडकतं, रंग बसणारं अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्या.

एसीच्या पाइपच्या भोकात एम-सील भरू नका, सर्व्हिसच्या वेळी छिन्नी लागते. एसीवाल्यांकडची मऊ पुट्टी भरा. एक्झॉस्ट फॅनला बाहेरून फडफडणाऱ्या झडपा बसवा, वर्षातून एकदा त्यांचं तेलकट काढा, नाहीतर त्या उघड्याच चिकटून बसतात. न्हाणीघरातल्या काचेच्या पट्ट्यांच्या झरोक्याला बाहेरून जाळीची चौकट.

दाराखालची फट: रबराची पट्टी चिकटवायची असेल तर दाराची कड स्पिरिटने पुसून कोरड्या दिवशी लावा. पावसाळ्यात लावलेली सुटते. स्क्रूची अ‍ॅल्युमिनियमवाली जास्त टिकते.

मच्छरजाळीने मोठे कोळी अडतात. नुकती फुटलेली पिल्लं तिच्यातून जातात, आणि ती धाग्यावर तरंगत वाऱ्याने येतात, त्यामुळे वरचा मजला म्हणून निर्धास्त राहू नका.

---

पाटपाणी

सुतारकी, हा प्रतिसाद वर चिकटवायला हवा.

दिव्याचं मी अर्धवट सोडलं होतं. गॅलरीतला थंड पांढरा एलईडी काढून पिवळसर उबदार लावा, खोक्यावर २७०० के किंवा ३००० के लिहिलेलं असतं. किडे कमी येतात, अजिबात येत नाहीत असं नाही. दिवा दाराच्या अगदी वर नको, दारापासून लांब, दाराकडे उजेड टाकणारा बरा. जूनच्या पहिल्या पावसात पंख फुटलेली वाळवी थव्याने येते, त्या संध्याकाळी तासभर गॅलरी आणि खिडकीजवळचे दिवे बंदच ठेवा. पडलेले पंख आणि मेलेले किडे सकाळी लगेच झाडा.

---

बाल्कनीबाग

गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल. जास्वंद किंवा गुलाबाच्या पानांखाली अगदी बारीक, मलमलीसारखं जाळं आणि पानावर पिवळट ठिपके दिसले तर तो घरातला कोळी नव्हे. तो लाल कोळी, झाडाचा रस पिणारी कीड, अर्ध्या मिलिमीटरची. पानाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका, हलणारे तांबडे ठिपके दिसतील.

याला मात्र कडुनिंबाचं तेल लागू पडतं. लिटरभर कोमट पाण्याला तेल ५ मिली, लिक्विड २ मिली. थंडीत तेल थिजतं, म्हणून कोमट. संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्याच्या अंतराने तीनदा. उन्हात मारलं तर पानं करपतात. वर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून जाळी धुतली तर निम्मं काम तिथेच होतं.

खोलीतल्या कोळ्यावर हे तेल फारसं चालत नाही, आणि डिस्टेंपरवर डाग पडतात ते वेगळेच. कुंड्यांत जाळं विणणारा नेहमीचा कोळी दिसला तर त्याला तिथेच ठेवा, चिलटं तोच संपवतो.

---

मनीमाऊची आई

मुलाच्या मानेवर लाल पट्टा उठलाय, आई म्हणते कोळी मुतला. आता घरातले सगळे कोळी मारायला निघालेत.

---

आठपायी

कोळ्याने असं काही होत नाही. पावसाळ्याच्या सुमारास असा भाजल्यासारखा लांबट पट्टा बहुतेक वेळा एका भुंगेऱ्याने येतो. सेंटिमीटरभर लांबीचा, अरुंद, केशरी आणि काळ्या पट्ट्यांचा, मुंगीसारखा दिसणारा. दिव्याला येतो. तो अंगावर चिरडला की त्याच्या रसातलं पेडेरिन कातडी जाळतं, आणि पट्टा एक-दोन दिवसांनी उठतो. त्यामुळे खरा गुन्हेगार निसटतो आणि नाव भिंतीवरच्या कोळ्याचं.

अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारा. चिरडला गेलाच तर लगेच साबणाने धुवा, आणि तो हात डोळ्यांना लावू नका. पट्टा एकाच बाजूला असेल, आधी दुखून मग फोड आले असतील, तर ती नागीणही असू शकते. तिचं औषध पहिल्या बहात्तर तासांत सुरू केलेलं बरं, म्हणून उद्या नाही, आजच डॉक्टरांना दाखवा. हळद-चुना लावत बसू नका.

---

खडूस पेठकर

अवांतर: जिन्यातल्या लाइटच्या मीटरच्या पेटीत सगळ्यात जास्त जळमटं आहेत. तिथे काय मारू?

---

सुतारकी

काहीच मारू नका. पाणी, तेल, स्पिरिट, काहीही नाही, आणि लोखंडी पट्टीचा कुंचाही नाही. पेटीच्या बाहेरची जाळी लाकडी किंवा प्लास्टिकच्या दांड्याच्या कोरड्या नायलॉन ब्रशने काढा. आतलं वायरमनकडून, मेन बंद करून. मीटरचं सील तुटलं तर भानगड वेगळीच, तेव्हा पेटी स्वतः उघडू नका. आणि त्या जिन्यातला पांढरा बल्ब पेटीच्या अगदी वरच असणार. कमिटीला सांगून तो आधी हलवा.